सांगलीच्या वडाला मेरीलँडची कुंडी

भारतात जाताना बॅगेत काय काय न्यायचं, याची यादी आपल्या प्रत्येकाच्या घरी फ्रिजवर लावलेली असते. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, भाच्यांचे बूट, कुणाच्या तरी सासऱ्यांसाठी गुडघ्याचा पट्टा. २०२४ च्या जूनमध्ये माझ्या एका बॅगेत यातलं काहीच नव्हतं. त्यात लेकीचे जुने स्वेटर होते, एक दुलई होती आणि त्यांच्या पोटात गुंडाळलेली, साधारण पाच किलोंची एक मातीची कुंडी.

मुंबई विमानतळावर बॅग एक्स-रेतून बाहेर आली, तसं तिथल्या साहेबांनी मला बाजूला बोलावलं.

"मॅडम, हे काय आहे?"

"कुंडी."

"कसली?"

"झाडाची. रिकामी आहे, धुतलेली."

"अमेरिकेतून कुंडी?" ते हसले आणि बॅग पुढे ढकलत म्हणाले, "आमच्याकडच्या संपल्या का?"

संपल्या नव्हत्या. सांगलीत आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या नर्सरीत कुंड्यांची रास लागलेली असते. पण एका झाडाच्या कुंडीचा रंग ठरवायला आमच्या घराला सात महिने लागले होते, आणि ठरलेला रंग बॅगेत होता.

झाड बाबांचं. बाबा पाटबंधारे खात्यात होते. १९८८ साली सरकारी क्वार्टरच्या गच्चीच्या कठड्यात वडाचं रोप उगवलं. भिंत फुटेल म्हणून ते उपटून टाकायला बाबा वर गेले आणि उपटलेलं रोप हातात घेऊन खाली आले. बोन्साय वगैरे शब्द तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हता. लायब्ररीतून पुस्तक आणून, चुका करत करत ते शिकले. कुंडी विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. पत्र्याच्या ट्रेचा साचा करून त्यांनी सिमेंटची उथळ कुंडी स्वतःच ओतली. दर दिवाळीला अंगणातल्या तुळशी वृंदावनाला गेरू लावला की उरलेला गेरू या कुंडीला. वडाला पारंब्या फुटल्या, खोड मनगटापेक्षा जाड झालं, झाड दोन फुटांवर थांबलं.

आणि या झाडाला वर्षातला एक दिवस नोकरी होती. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात, ते बाबांना बघवायचं नाही. त्या दिवशी सकाळी ते कुंडी उचलून पायरीजवळच्या स्टुलावर ठेवायचे. आई पूजा करायची, मग गल्लीतल्या बायका यायच्या. दुपारपर्यंत खोडाभोवती दोऱ्याचं बंडल व्हायचं. दुसऱ्या दिवशी बाबा ते दोरे एकेक करून सोडवायचे. राहिले तर खोडाला काच पडतो.

बाबा २०२१ मध्ये गेले. झाड दादा-वहिनींनी सांभाळलं. वटपौर्णिमेला दादाच ते बाहेर ठेवायचा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा फोटो आला, खाली एकच ओळ: 'कुंडी फुटली.' कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा आणि त्यातून बाहेर डोकावणारं बोटाएवढं मूळ. वडाच्या मुळांनी वाडे पाडलेत, त्यापुढे सिमेंटचा ट्रे तो काय! दादाने तारेने बांधून कुंडी तात्पुरती उभी ठेवली आणि दुसरा मेसेज टाकला, 'तू तिकडे बोन्सायच्या क्लबात जातेस ना? मग रंग सांग. इथे निळी छान मिळते.'

आता माझ्या क्लबाबद्दल. त्यालाही बाबाच कारणीभूत. २०१४ मध्ये आई-बाबा मेरीलँडला आमच्याकडे तीन महिने होते. व्हाइट हाउस, स्मारकं वगैरे झाल्यावर मी त्यांना वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरीटममधलं बोन्साय संग्रहालय दाखवायला नेलं. प्रवेश फुकट आहे आणि गर्दी फार नसते. तिथे एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला, तेव्हा तो स्फोटाच्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या नर्सरीत होता. भिंतीच्या आडोशाने वाचला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिले, त्यात तो इथे आला. देणाऱ्याने बॉम्बचा विषय काढलाच नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड बघायला आले, तेव्हा संग्रहालयाला हा इतिहास कळला.

मी बाबांना हे सगळं सांगत होते आणि बाबा खाली वाकून कुंड्या बघत होते. पाइन आणि जुनिपरच्या ओळीत ते एकेका कुंडीपाशी थांबले आणि म्हणाले, "कुंडी गप्प आहे बघ. झाडाला बोलू देते."

पुढच्याच वर्षी मी क्लबात नाव घातलं आणि पहिलं झाड घेतलं. ट्रायडंट मेपल, तीन टोकांच्या छोट्या पानांचा. त्याला मी चकचकीत मोरपंखी कुंडी घेतली, कारण दुकानात तीच सगळ्यात सुंदर दिसत होती. क्लबात नेल्यावर आमच्या एक ज्येष्ठ सभासद बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणाल्या, "डोळे मीट. आता उघड. आधी काय दिसलं?" कुंडी दिसली होती. "मग झाड घरी ठेव आणि नुसती कुंडीच आणत जा," म्हणाल्या. सात-आठ जण हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत कान गरम होते.

डोळे मिटून उघडायची ही परीक्षा मी अजून प्रत्येक झाडाला लावते. त्यापलीकडचे नियम वाचले की आधी अवघड वाटतात, पण साड्या नेसणाऱ्या घरातल्या माणसाला ते पटकन कळतात. कुंडी म्हणजे काठ. काठाचा रंग अंगातल्या कुठल्या तरी बारीक धाग्यातून उचललेला असावा, नाही तर अंगाच्या अगदी समोरासमोरचा असावा. अधलामधला घेतला की साडी फसते.

पाइन, जुनिपर ही बारा महिने हिरवी, खरखरीत सालीची, पुरुषी ताकदीची मानलेली झाडं. त्यांना झिलई नको. तपकिरी, जांभळट तपकिरी, काळपट, अशा भाजल्या मातीच्याच रंगाची कुंडी हवी. ब्लॅक पाइनच्या भेगाळ सालीला गडद रंग पेलतो. जुनिपरची वरची साल काढली की आतून तांबूस निघते, म्हणून त्याला लालसर माती. पानगळीच्या झाडांचं गणित वेगळं. त्यांना वर्षात चार रूपं असतात आणि कुंडी एकच. तेव्हा कुठल्या महिन्यासाठी सजवायचं हे आधी ठरवावं लागतं. मेपल शरदात नारिंगी-तांबडा होतो. नारिंगीच्या समोर निळा, म्हणून फिकट निळी झिलई त्याला खुलवते, आणि तीच कुंडी हिवाळ्यात उघड्या राखाडी फांद्यांखालीही बरी दिसते. लाल पानाला लाल कुंडी दिली तर दोन्ही एकमेकांत विरघळतात. माझ्या मेपलच्या बाबतीत निळा चुकला नव्हता, निळ्याचा आवाज चुकला होता. आता तो आकाशी-करड्या, थोड्या मळकट झिलईच्या कुंडीत आहे आणि ऑक्टोबरअखेरीचे दोन आठवडे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थबकतो.

फुलांच्या झाडांत तर सरळ साडीचंच दुकान. गुलाबी अझेलियाला फिकट हिरवी किंवा मोतिया. लाल फळं धरणाऱ्या छोट्या सफरचंदाला गर्द निळी किंवा गर्द हिरवी. पांढऱ्या फुलाला गडद कुठलीही चालते. भारतात बोगनवेलीचे बोन्साय बरेच जण करतात. राणी रंगाच्या बोगनवेलीला पिस्ता किंवा मोतिया देऊन बघा, पिवळी मात्र देऊ नका.

रंग येतो कुठून, हेही मला क्लबातच कळलं आणि मग कुंड्यांकडे बघायची नजरच बदलली. झिलईतला निळा बहुतेक कोबाल्टचा. तांब्याचा रंग भट्टीच्या हवेवर अवलंबून. हवा मोकळी असेल तर हिरवा, कोंडली तर रक्तासारखा लाल. बिनझिलईच्या कुंडीत रंग मातीतल्या लोहाचा असतो. भट्टीत हवा भरपूर मिळाली की माती विटकरी होते, कोंडली की तीच माती काळपट निघते. एकाच कुंभाराच्या एकाच मातीच्या दोन कुंड्या सख्ख्या बहिणींसारख्या वेगळ्या होतात, त्या अशा.

तर एवढं ज्ञान घेऊन मी दादाच्या मेसेजला उत्तर द्यायला बसले आणि अडले. वड कुठल्या रकान्यात घालायचा? हिरवा तर कायम असतो, पण पाइन नव्हे. साल गुळगुळीत, राखाडी. पानं रुंद, गर्द, जाड. इथे फायकसच्या जातींना झिलईची आणि बिनझिलईची दोन्ही चालते. म्हणजे वहीत उत्तर नव्हतं. शिवाय झाड समोर नव्हतं. फोनवर बघून रंग ठरवायचा होता.

तुम्ही विचाराल, झाडच इकडे का आणलं नाही? बाबा गेल्यावर माझ्याही मनात आलं होतं. नियम वाचले आणि गप्प बसले. माती तर अमेरिकेत अजिबात चालत नाही. बोन्सायसाठी आणखी कडक: झाड किमान दोन वर्षं तिथल्या सरकारकडे नोंदलेल्या हरितगृहात, निर्जंतुक माध्यमात वाढलेलं हवं. जपानने भेट दिलेल्या त्या ५३ झाडांनाही आधी इथे, मेरीलँडमधल्याच ग्लेन डेलच्या केंद्रात, विलगीकरणात राहावं लागलं होतं. आणि समजा सगळं जमवलं, तरी वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायकांनी काय माझ्या डेकवर यायचं?

फोनवरचा रंग ही एक शुद्ध फसवणूक असते. आईने पहिला फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढला, त्यात वड निळसर आजारी दिसला. दुसरा दुपारच्या उन्हात, त्यात साल पांढरीफटक. माझी लेक म्हणाली, "आजी, शेजारी एक पांढरा कागद ठेव, म्हणजे आम्हाला कळेल." आईने कागद नाही, बाबांचा पांढरा रुमाल ठेवला. तेव्हापासून सकाळी आठला, सावलीत, रुमालासकट, अशी शिस्त लागली. तुम्हालाही कधी भारतातली साडी, पडदे किंवा घराचा रंग फोनवरून निवडायचा असेल तर हा उपाय करून बघा. रुमाल पांढरा दिसतोय म्हणजे बाकीचे रंगही खरे दिसतायत.

मी म्हटलं, नर्सरीतून निरनिराळ्या रंगांच्या कुंड्या आणून शेजारी ठेवून बघा. दादा म्हणाला, तो काय मला घरी नेऊन बघायला देणार आहे? मग एका दुपारी आईनेच मार्ग काढला. तिच्या कपाटात ब्लाउजपीसचा ढीग आहे. हळदीकुंकवाला मिळालेले, ओटीतले, कधी शिवले न गेलेले. तिने एकेक पीस फुटक्या कुंडीभोवती गुंडाळून, सेफ्टी पिन लावून, रुमाल शेजारी ठेवून फोटो काढले. सकाळी उठून बघते तर अकरा फोटो, प्रत्येकाखाली आईचा शेरा.

हिरव्याखाली: 'झाड बुडालं. पानं कुठं संपली आणि कुंडी कुठं सुरू झाली, कळत नाही.'

निळ्याखाली: 'चांगला आहे, पण निळाच दिसतो.' तिला कुणी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं.

चिंतामणीखाली: 'हा तुझ्या मावशीने दिलेला. कुंडीला नको, मला शिवून घ्यायचाय.'

अबोलीखाली काहीच नव्हतं, नुसता हसरा चेहरा.

माझं मत मोतियाला पडलं. वडाची साल राखाडी-पांढरट, पारंब्यांची टोकं कोवळी, फिकट. मोतिया झिलई तिथूनच उचललेली वाटली असती. क्लबात विचारलं असतं तर निम्म्यांनी हेच सांगितलं असतं. मी फोन करून आईला ते सगळं समजावलं, अगदी काठ-पदराची भाषा वापरून. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अगं पण वटपौर्णिमेला काय करशील?"

"म्हणजे?"

"हळद-कुंकू वाहतात की बायका. मोतियावर ओघळ दिसतील."

"झिलई असते आई. ओल्या फडक्याने पुसलं की गेलं."

"पुसायचं कशाला? तुझे बाबा नव्हते पुसत. वर्षभर राहतंय थोडं अंगावर. गेरूवर दिसतसुद्धा नव्हतं."

मी गप्प झाले. इतकी वर्षं रंगाची वही भरत होते. साल, पान, फूल, फळ, ऋतू, सगळे रकाने होते त्यात. झाडाला काम काय आहे, हा रकाना नव्हता. आणि गंमत म्हणजे, वापराने कुंडीवर चढत जाणारा तो जुनेपणा, ज्याला इथले जाणकार मान देतात, ज्यासाठी दुप्पट पैसे मोजतात, तोच आई सांगत होती.

"मग विटकरी लावून बघ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. विटकरी पीस, पांढरा रुमाल, सकाळचे आठ. आणि त्या फोटोत मला पहिल्यांदा वडाची कोवळी पालवी दिसली. वडाचं नवं पान उलगडताना तांबूस असतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं, आणि सोयीस्कर विसरलेलं. विटकरी खाली आल्यावर ते तांबूसपण वर उमटलं. शिवाय वडाची फळं लाल. बाबांच्या वडाला ती दोन-तीनदाच धरली, पण धरली तेव्हा गल्ली बघायला आली होती. म्हणजे पान, फळ आणि कुंकू, तिन्ही एका रंगात बसत होती, आणि तो रंग झाडाच्या खाली पस्तीस वर्षं होताच.

फोन ठेवताना मी सहज म्हटलं, "केवढे पीस जमवलेस गं!" आई म्हणाली, "सगळे जुनेच आहेत. आता कोण देतंय." आणि लगेच स्वयंपाकाचं काहीतरी सांगू लागली. २०२१ पासून त्या ढिगात एकाचीही भर पडली नव्हती. अकरा फोटो मी झूम करकरून बघितले होते, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

निळ्याचा हट्ट दादाने बरेच दिवस सोडला नाही. बाबांचा स्कूटरचा रंग निळा, बाबांची पेनं निळी, असं काय काय त्याने काढलं. नर्सरीतली ती निळी कुंडी प्लॅस्टिकची निघाली, तेव्हा वाद थोडा सोपा झाला. सांगलीच्या एप्रिलमध्ये गडद प्लॅस्टिक तापून मुळं शिजतात.

मार्चमध्ये क्लबाचा जुन्या सामानाचा बाजार भरला. मी विटकरी, बिनझिलईची, लंबगोल कुंडी शोधत होते. मापं लिहून नेली होती: लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, खोली साधारण खोडाच्या जाडीएवढी. त्या निवृत्त शिक्षिका बाईंनी मला एका टेबलापाशी ओढत नेलं. कुंडी जपानची, तोकोनामेची. तोकोनामे हे नागोयाजवळचं जुनं कुंभारगाव. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांच्या गावांत त्याची गणना होते आणि बोन्सायच्या कुंड्यांसाठी जगभर त्याचं नाव घेतात. तिथल्या लोहयुक्त लाल मातीला 'शुदेई' म्हणतात. चहाच्या किटल्याही याच मातीच्या प्रसिद्ध आहेत. तळाशी कुंभाराचा शिक्का, कडांवर वापराची मऊ झाक. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे कुंडीला गेरू लावतात. त्यांना गेरू म्हणजे काय, ते समजावताना माझंच मला उमगलं. गेरूचा लालही लोहाचाच. बाबा दर दिवाळीला ब्रशने जे करत होते, ते तोकोनामेच्या भट्टीत एकदाच, कायमचं होतं.

८५ डॉलर पडले. नवऱ्याने आकडा ऐकून रुपयांत गुणाकार केला, मग काही बोलला नाही.

बाईंनी कुंडी बांधून देताना एक शब्द सांगितला. चीनहून जपानात आलेल्या जुन्या, मानाच्या कुंड्यांना जपानी लोक 'कोवातारी' म्हणतात. म्हणजे फार पूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या. "ही तर दुसऱ्यांदा ओलांडणार," त्या म्हणाल्या. मी तीन दिवस ती भिजवून, टूथब्रशने कोपऱ्यातला मातीचा कण न् कण काढला. परक्या मातीला भारतातही मज्जाव आहे आणि तो रास्तच आहे.

वटपौर्णिमा २१ जूनला, शुक्रवारी होती. आम्ही मंगळवारी पोचलो. आई म्हणाली, पूजा आधी होऊ दे, मग झाड हलवा. मलाही ते पटलं. मुळं छाटलेल्या झाडाला शंभर हात लागायला नकोत. म्हणून त्या वर्षीची पूजा तारेने बांधलेल्या फुटक्या कुंडीतच झाली. दादाने स्टूल पायरीजवळ ठेवलं. आईने आदल्या रात्री गेरू कालवून ठेवला होता. पहाटे तिने फुटक्या कुंडीला शेवटचा हात मारला, तारेवरूनसुद्धा. आणि आत जाऊन बसली.

बायका येत-जात होत्या. मीही पूजा केली. इतक्या वर्षांनी, थोडी चाचरतच. मेरीलँडमध्ये मी हे काही करत नाही, खरं सांगायचं तर. साडेअकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी आली. लग्नाला वर्ष झालं असेल. तिने दोरा गुंडाळला, नमस्कार केला आणि मग सरळ आत स्वयंपाकघरात गेली. "काकू, तुमच्याच झाडाची पूजा केली आणि तुम्हीच आत?" म्हणत तिने आईच्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस ठेवला. वाकून नमस्कार केला. आई काही क्षण तो पीस बघत राहिली. निळा होता.

"ही बघ, दादाच्या पक्षातली निघाली," आई म्हणाली. आवाज थोडा बसका होता.

शनिवारी दोरे सोडवायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. चाळीसेक दोरे असतील. एकही न तोडता तिने ते रिळाला गुंडाळले.

रविवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं, कामाला चांगलं. तार कापली आणि कुंडी आपसूक दोन तुकड्यांत उघडली. मुळांनी आत ट्रेचा अचूक साचा करून ठेवला होता, चारही कोपरे जसेच्या तसे. एक-तृतीयांश मुळं कापली. दादाने विटांचा चुरा, जाडी वाळू आणि शेणखत चाळून ठेवलं होतं. इथली काळी माती मुळीच नको, ती पाणी धरून बसते, ही बाबांची सूचना त्याला पाठ होती. तळाच्या भोकांतून तार ओवून झाड बसवलं. मग मी बरीचशी पानं देठ ठेवून कापली, कारण कमी मुळांना एवढी पानं पोसवत नाहीत. ते मात्र आईला बघवलं नाही. बोडका वड आणि खाली लालसर, ओली कुंडी. "आता कुंडीच दिसते," ती म्हणाली. बरोबर होतं. मी म्हटलं, पंधरा दिवस थांब.

सिमेंटचे दोन तुकडे टाकायला कुणी तयार नव्हतं. ते आता तुळशीजवळ उभे रोवलेत, मध्ये गवती चहा लावलाय.

मी जुलैत परत आले. पहिले दोन आठवडे आईचे फोटो जड गेले. रुमाल, कुंडी आणि काटक्या. मग एका रविवारी टोकाला लालसर कोंब दिसला, पुढच्या रविवारी चार. सप्टेंबरमध्ये झाड भरलं आणि कुंडी मागे सरकली. मी फोटो मोठा केला, डोळे मिटले, उघडले. वड दिसला.

या वर्षी फेब्रुवारीत आईच्या फोटोत पानाच्या बगलेत दोन हिरवे मणी होते. मी कळवळून लिहिलं, फळं आहेत गं, पाणी चुकवू नका, पक्ष्यांपासून जाळी लावा. आईने लिहिलं, 'जाळी कशाला? पक्ष्यांसाठीच असतात.' एप्रिलमध्ये त्यातलं एक लाल झालं. दुसरं गळलं. लाल फळ, लाल कुंडी, पांढरा रुमाल, तो फोटो मी क्लबात सगळ्यांना दाखवला.

दादाने घरच्या ग्रुपवर त्याच फोटोखाली लिहिलं: 'निळ्यावर जास्त उठून दिसलं असतं.'